स्वमग्न मुलांची सेवा : एक नवा व्यवसाय

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कणकुंबी येथे भरलेल्या सभेतील भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी संस्थेचा गौरव करणे हे वक्त्याचे पहिले कर्तव्य होय. परंतु ते कर्तव्य माझ्या आधीच्या वक्त्यांनी इतक्या उत्तम रीतीने पार पाडले आहे, की मी त्यात भर घालू गेल्यास पुनरुक्तीच व्हावी. शिवाय चिटणिसांनी आमंत्रण देतानाच मला बजावले होते, "बाई, तुमचा व्यवसाय नेमका काय आहे तो आमच्या माणसांना समजावून सांगा. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना आमच्या मुलांना डॉक्टर, इंजिनिअर आणि शिक्षक यांपलीकडे काही सुचत नाही." ही आज्ञा मानून मी माझ्या कामाविषयी बोलणार आहे. बोलण्याच्या शेवटी ट्रस्टपुढे एक मागणेही ठेवणार आहे. ते आधीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको, की बाई भाषणाला आल्या आणि झोळी पसरून गेल्या!

गेली वीस वर्षे मी स्वमग्न मुलांबरोबर काम करीत आहे. इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात, त्याला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. शब्द सुंदर आहे, पण थोडा फसवा आहे. तो ऐकून वाटते, की हे मूल आपल्या आपल्यात रमलेले असेल, सुखात असेल. प्रत्यक्षात तसे असतेच असे नाही. या मुलांच्या मेंदूची घडण जन्मापासून निराळी असते. माणसामाणसांतली जी देवाणघेवाण इतर मुले न शिकवता उचलतात, म्हणजे हाकेला मान वळवणे, हवे ते बोटाने दाखवणे, आईच्या चेहऱ्याकडे पाहून राग-लोभ ओळखणे, ती यांना सहज साधत नाही. कित्येकांना ठरलेल्या गोष्टी ठरल्या रीतीनेच व्हाव्या लागतात. आवाज, स्पर्श, उजेड हे कोणाला फार जाणवतात, तर कोणाला फारच कमी. एक मूल दहा वर्षांचे झाले तरी शब्द बोलत नाही. दुसरे आगगाड्यांचे वेळापत्रक तोंडपाठ म्हणून दाखवते, पण सोबत्याबरोबर खेळावे कसे हे त्याला उमगत नाही. दोघेही स्वमग्नच.

ही मुले आपल्याकडे किती असतील? २०१८ साली भारतातील पाच ठिकाणच्या मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. दोन ते नऊ वर्षांच्या जवळजवळ चार हजार मुलांची तपासणी तीत झाली होती. त्या पाच ठिकाणांपैकी एक उत्तर गोवा, म्हणजे आपला चोर्ला घाट उतरला की जो मुलूख लागतो तोच. त्या पाहणीवरून स्वमग्न मुलांचे प्रमाण शंभरात साधारण एक असे निघाले. आता आपल्या मनाशीच हिशेब करा. शाळेच्या पटावर किती मुले आहेत, आणि पटावर न आलेली, घरात ठेवलेली किती आहेत? जी दिसत नाहीत ती नाहीत, असे समजण्याचे कारण नाही.

या अवस्थेचे प्रसिद्ध शास्त्रीय वर्णन १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर या बालमानसतज्ज्ञाने केले. त्याने अकरा मुलांची हकीकत लिहिली. त्यांत आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. पुढल्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स अस्पर्गर यानेही अशाच मुलांविषयी लिहिले. परंतु शास्त्राने नाव दिले म्हणजे समाजाला शहाणपण आले असे होत नाही. त्यानंतर बराच काळ मोठमोठे विद्वान असे म्हणत, की आई थंड मनाची असते, मुलाला माया लावत नाही, म्हणून मूल असे होते! या मताचा पाया १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने खणून काढला. त्याचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, हे येथे सांगण्याजोगे आहे. जे दुःख घरात होते त्यावर त्याने अभ्यासाने उत्तर शोधले.

आपल्याकडेही आईवरचा आरोप संपलेला नाही. फक्त त्याचे शब्द बदलले आहेत. "पोटात असताना ग्रहण पाळले नाही," "बाहेरचे काहीतरी लागले आहे," "नोकरीला जाते ना, मग असेच व्हायचे," "मोबाईल हातात दिला म्हणून झाले." लस टोचल्याने स्वमग्नता येते असाही एक प्रवाद आहे. तो ज्या १९९८ सालच्या लेखातून पसरला, तो लेख लॅन्सेट या साप्ताहिकाने २०१० साली मागे घेतला. तरी प्रवाद फिरतोच आहे. देवीपुढे गाऱ्हाणे घालण्यास माझी यत्किंचितही हरकत नाही. माउलीच्या पायाशी जाऊन कोणाच्या जिवाला धीर येत असेल, तर तो यावाच. परंतु गाऱ्हाणे घालून आल्यावर मुलाला शिकवण्याचे काम उरतेच, आणि ते माणसांनीच करायचे असते.

आता ते काम कसे करतात, याकडे वळते. माझ्या विद्येला उपयोजित वर्तन-विश्लेषण असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकून भिऊ नये. १९६८ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठातल्या बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तिघांनी या विद्येची लक्षणे सांगणारा निबंध लिहिला. त्यातला गाभा आपल्या घरच्या भाषेत सांगायचा तर असा : मूल एखादी गोष्ट करते, तेव्हा त्याच्या आधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, हे नीट पाहा. ज्या वागण्याने मुलाचे काम होते ते वागणे टिकते. ज्याने होत नाही ते हळूहळू गळते. मूल ओरडते, आपटते, चावते, त्यामागे काहीतरी हेतू असतो. कधी त्याला कोणाचे लक्ष हवे असते, कधी एखादी वस्तू हवी असते, कधी नकोशा गोष्टीतून सुटका हवी असते, आणि कधी त्या हालचालीतच त्याच्या शरीराला बरे वाटते. हेतू ओळखला, की तोच हेतू साधण्याचा एखादा बरा मार्ग त्याला शिकवता येतो. निष्कारण वाईट वागणारे मूल मी वीस वर्षांत पाहिले नाही.

एक उदाहरण देते. मुलाचे नाव-गाव सांगत नाही, कारण ती त्याच्या घरची गोष्ट आहे. घाटमाथ्यावरच्या एका वाडीतला सहा वर्षांचा मुलगा. बोलणे नाही. पावसाळा लागला की स्वतःचे मनगट चावून रक्त काढी. घरच्यांनी समजावले, मारले, अंगारा लावला, हाताला फडके बांधले. माझ्याकडे आणले तेव्हा मी आईला विचारले, "हे केव्हा होते?" ती म्हणाली, "बाई, दिवसभर होते." दिवसभर कोणतीच गोष्ट होत नसते, पण ती खोटे बोलत नव्हती, जिवाला घोर लागला म्हणजे तसेच वाटते. तिला लिहिण्याचा सराव नव्हता. म्हणून मी तिला मूठभर चिंचोके आणि दोन रिकामे डबे दिले. पाऊस कोसळत असताना मुलगा चावला तर चिंचोका एका डब्यात, उघडीप असताना चावला तर दुसऱ्यात. पंधरा दिवसांनी दोन्ही डबे ओतले. उघडिपीच्या डब्यात बोटांवर मोजण्याइतके चिंचोके होते. पावसाचा डबा भरला होता. आणि तिनेच लक्षात आणून दिले, की पडवीवर पत्रा आहे तेथे हे होते, आतल्या कौलारू खोलीत फारसे होत नाही.

कणकुंबीचा पाऊस मी आपल्याला काय सांगावा! पत्र्यावर तो कसा वाजतो हे आपण जन्मभर ऐकत आलो आहोत. आपल्या कानांना त्याचे काही वाटत नाही. त्या मुलाच्या कानांना तो आवाज सोसवत नव्हता, आणि "मला येथून आत न्या" हे सांगायला त्याच्याजवळ शब्द नव्हता. मग आम्ही दोन गोष्टी केल्या. त्याचे अंथरूण पडवीतून आत हलवले. आणि दोन्ही कानांवर हात ठेवून आईचा पदर ओढायचा, एवढी खूण त्याला शिकवली. आरंभी आईने त्याचे हात धरून कानांवर ठेवायचे आणि तत्क्षणी त्याला आत न्यायचे. पुढे त्याने हात अर्धवट उचलला तरी आत न्यायचे. पुढे मदत कमी कमी करीत जायचे. चावणे एका दिवसात थांबले, असे मी सांगणार नाही. ते महिन्या-दोन महिन्यांत पुष्कळ कमी झाले. आणि पुढल्या पावसाळ्यात ढग गडगडू लागले, की तो आपणहून उठून आत जाऊ लागला. औषधाने, धाकाने किंवा नवसाने जे झाले नव्हते, ते दोन डबे आणि एक खूण यांनी झाले.

तात्पर्य, या व्यवसायाचे पहिले अवजार म्हणजे पाहण्याची शिस्त होय. दुसरे अवजार म्हणजे कामाचे तुकडे पाडणे. आपण मुलाला म्हणतो, "बाहेरून आलास, पाय धुऊन ये." आपल्या दृष्टीने ते एक काम आहे. पण मोजून पाहा : चपला काढणे, न्हाणीपाशी जाणे, तांब्या उचलणे, हंड्यात बुडवणे, एका पायावर ओतणे, घासणे, दुसऱ्या पायावर ओतणे, तांब्या जागी ठेवणे, पायपुसण्यावर पाय पुसणे. नऊ कामे झाली. ज्या मुलाला ही साखळी आपोआप जमत नाही, त्याला आम्ही पुष्कळदा शेवटाकडून शिकवतो. पहिली आठ कामे हात धरून करवून घ्यायची आणि पाय पुसणे तेवढे त्याचे त्याने करायचे. म्हणजे प्रत्येक वेळी काम तडीस नेण्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमले, की शेवटची दोन त्याने करायची. असे करता करता एक दिवस पहिले कामही त्याचेच होते. चांगले केल्याबरोबर त्याला आवडणारे काहीतरी मिळाले पाहिजे : कोणाला गुळाचा खडा, कोणाला झोपाळ्यावर दोन झोके. आणि हे सारे लिहून ठेवले पाहिजे. कारण आपल्याला वाटते प्रगती होते आहे, पण कागद कधी कधी निराळेच सांगतो.

या विद्येचा एक काळा भागही आहे. तो झाकून ठेवून मी आपल्या मुलांना या व्यवसायात बोलावणार नाही. १९६० नंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियात इव्हार लोव्हास या प्राध्यापकाने स्वमग्न मुलांना याच तत्त्वांनी शिकवण्याचे प्रयोग केले. त्यांत ओरडणे, चापट मारणे, विजेचा धक्का देणे हेही प्रकार होते. १९६५ साली लाइफ या साप्ताहिकाने त्याची छायाचित्रे छापली आणि जगाने ती पाहिली. १९८७ साली लोव्हासने असे प्रसिद्ध केले, की आठवड्याला चाळीस तास शिकवलेल्या एकोणीस लहान मुलांपैकी नऊ मुले इतर मुलांसारखी शाळेत जाऊ लागली. त्यामुळे जगभर पालकांच्या आशा पालवल्या, आणि काही ठिकाणी त्या आशांचा बाजारही झाला. पुढे २०१८ साली अशा सघन शिक्षणाच्या पाच अभ्यासांची, एकूण २१९ मुलांची, कसून छाननी झाली. निष्कर्ष असा निघाला, की काही मुलांना लाभ होतो असा पुरावा आहे, पण तो पुरावा दुबळा आहे. म्हणून कोणी पैसे घेऊन "मूल संपूर्ण बरे करून देतो" असे म्हणाला, तर त्याला उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करावा.

याहूनही मोलाची साक्ष स्वतः स्वमग्न माणसांची आहे. लहानपणी ज्यांना असे शिकवले गेले, त्यांतले कित्येक आता मोठे होऊन बोलतात, लिहितात. ते म्हणतात, "आमच्या डोळ्यांत डोळे घालून पाहण्याची सक्ती केली, हात फडफडवण्यास बंदी केली, त्याने आमचे कोणते भले झाले? आम्ही फक्त तुमच्यासारखे दिसायला शिकलो." या बोलण्यात तथ्य आहे. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलींना एक नियम घालून दिला आहे. कोणतीही गोष्ट शिकवायला घेण्यापूर्वी विचारायचे : हे कोणासाठी? मूल आनंदाने हात हलवते, गोल गोल फिरते, त्यात कोणाचे काही बिघडत नाही. मग ते पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही एवढ्यासाठी बंद करायचे नाही. परंतु त्याला तहान सांगता यावी, दुखते कोठे ते दाखवता यावे, शौचाला स्वतः जाता यावे, रस्त्यावर गाडी आली तर थांबता यावे, नको असलेल्या स्पर्शाला "नको" म्हणता यावे. हे त्याच्यासाठी आहे, आणि त्यासाठी कितीही कष्ट घ्यावे. शिक्षा मात्र कोठेही नाही. आणि "नको" म्हणण्याचा हक्क मुलाला आमच्याविरुद्धही वापरता आला पाहिजे.

आता आपल्या भागाचा प्रश्न. तो मुख्यतः अंतराचा आणि भाषेचा आहे.

अंतराचे सांगायला नको. कणकुंबी, जांबोटी, खानापूर या टापूतल्या मुलाला तज्ज्ञाकडे न्यायचे, तर बेळगाव गाठावे लागते. आई पहाटे उठून सगळ्यांचे करणार, मूल बसमध्ये ओरडणार, लोक मागे वळून पाहणार, पाऊण तासाच्या भेटीसाठी अख्खा दिवस आणि एका दिवसाची मजुरी जाणार. दोन महिने हे चालते. तिसऱ्या महिन्यात भातलावणी येते आणि उपचार थांबतो. त्यात आईचा आळस नसतो. तो घाटाचा आणि पोटाचा हिशेब असतो. आठवड्याला चाळीस तासांची गोष्ट तर येथे करूच नये.

भाषेची गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या घरात मराठी, तीही कोंकणी वळणाची. सरकारी कागद कन्नडमध्ये. शहरातल्या केंद्रात पुष्कळदा शिक्षिका इंग्रजी किंवा हिंदी बोलणारी. बहुतेक मुले चार भाषा सहज पेलतात. कित्येक स्वमग्न मुलेही दोन भाषा उत्तम शिकतात, म्हणून "घरात मराठी बोलू नका" असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. पण ज्याला पहिला शब्दच मोठ्या कष्टाने यायचा आहे, त्याचा तो पहिला शब्द कोणत्या भाषेतला असावा? एका शहरातल्या केंद्रात सहा महिने शिकून एक मुलगा "वॉटर" म्हणू लागला. सर्वांना आनंद झाला. सुट्टीत तो आजीकडे गेला. तहान लागली तेव्हा आजीसमोर उभा राहून त्याने तो शब्द पुनःपुन्हा म्हटला. आजीला वाटले, पोरगे काहीतरी बडबडते आहे. शेवटी त्याने तांब्या भिरकावला, आणि घरच्यांनी ठरवले की शाळेत जाऊनही काही सुधारणा नाही. बंधुभगिनींनो, त्याच्या गळ्यातून निघायचा होता तो शब्द "पाणी" हा होता. तो शिकवायला पाणी म्हणणारेच माणूस पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे असे, की या मुलांसाठी बाहेरून तज्ज्ञ आणण्याची वाट पाहू नये. आपल्यातूनच माणसे तयार करावीत. हे स्वप्नरंजन नव्हे. गोव्यातील संगत या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडीच्या मंडळींबरोबर असा प्रयोग केला असून त्याचे निष्कर्ष २०१६ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री या मासिकात प्रसिद्ध झाले आहेत. दोन्ही ठिकाणची मिळून पासष्ट मुले त्यात होती. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, पण पद्धतशीर प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी काही आई-वडिलांना सहा महिन्यांत बारा बैठका दिल्या. आई मुलाशी खेळते त्याचे चित्रण करायचे, मग ते तिच्यासह बसून पाहायचे, आणि मुलाने कोठे काही सांगू पाहिले व आपण कोठे प्रतिसाद दिला, हे तिलाच शोधू द्यायचे. ही पद्धत माझ्या विद्येहून निराळ्या घराण्याची आहे, तरी तिची बहीण शोभेल. ज्यांना या बैठका मिळाल्या त्या पालकांचा प्रतिसाद सुधारला, आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. सर्वच बाबतींत लाभ झाला असे नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला. परंतु घाटाखाली जे साधले, ते घाटमाथ्यावर साधणार नाही असे मानण्याचे कारण मला दिसत नाही.

नवा व्यवसाय म्हटला की लोक शंका घेतात. तशा पूर्वीही घेतल्या होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० साली कमलाबाई निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण सुरू केले, तेव्हा तो शब्द तरी किती जणांना ठाऊक असेल? आज त्या विद्येवर कित्येक कुटुंबे सुखाने चालतात. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ साली अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर काम नेले. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळा त्याच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणात नेऊ, असे त्यांनी करून दाखवले. आज गावोगाव जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावामागे ती तपश्चर्या आहे.

या व्यवसायात यावयाचे तर काय करावे, हे तरुण मंडळींनी ध्यानात घ्यावे. बारावीनंतर मार्ग अनेक आहेत. मानसशास्त्र किंवा विशेष शिक्षण यांची पदवी घ्यावी, अथवा वाचा-श्रवणशास्त्र किंवा व्यवसायोपचार शिकावा. आपल्याच राज्यात म्हैसूरला अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था आहे, बंगळूरला निम्हान्स आहे. महाराष्ट्रात मुंबईला अली यावर जंग संस्था आहे. विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता त्याला आहे की नाही, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहून मगच पैसे भरावेत. वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारे अमेरिकेतील मंडळ १९९८ साली स्थापन झाले; परंतु २०२३ च्या आरंभापासून त्याने आपले दार मोजक्याच देशांच्या रहिवाशांपुरते ठेवले आहे. म्हणून त्या प्रमाणपत्राच्या नावाने कोणी भरमसाट फी मागितली, तर सावध असावे. इतर आंतरराष्ट्रीय मंडळांची प्रमाणपत्रे मिळू शकतात. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याच्या परिशिष्टात वर्तन-विश्लेषकाचे नाव आले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

पदवी मिळाली तरी एक परीक्षा उरतेच. या कामात चिकाटी लागते, जमिनीवर बसावे लागते, अंगावर थुंकी आणि ओरखडे घ्यावे लागतात. आणि एका शब्दासाठी चार महिने थांबावे लागते. पैसा डॉक्टराइतका नाही. पण पोट भरते, आणि गावाजवळ राहून भरते. बेळगाव, कोल्हापूर, पणजी, सगळीकडे अशा माणसांची टंचाई आहे. विशेषतः ज्या मुली लग्नानंतर याच भागात राहणार आहेत, त्यांनी याचा विचार अवश्य करावा. आणि मुलग्यांनीही करावा. मूल चौदा वर्षांचे झाले की त्याला न्हाऊ घालायला, मुतारीत न्यायला पुरुष मदतनीस लागतो, आणि तो मिळत नाही.

आता माझे मागणे. ट्रस्टच्या शिष्यवृत्तींपैकी दरवर्षी किमान दोन या विद्यांसाठी राखून ठेवाव्यात, आणि शिकून आलेल्याने काही वर्षे खानापूर तालुक्यात काम करावे अशी अट घालावी. ट्रस्टच्या इमारतीतील एक खोली आठवड्यातून एक दिवस या मुलांसाठी आणि त्यांच्या आयांसाठी मोकळी ठेवावी. त्या खोलीत महागडी साधने लागत नाहीत. एक चटई, एक झोपाळा, घरातलीच भांडी आणि चित्रे पुरेत. तिसरे, कागदपत्रांसाठी एक जाणता स्वयंसेवक नेमावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेला स्वतंत्र स्थान आहे. त्याखालचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र, राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना, शाळेतल्या सवलती, हे सारे हक्काचे आहे. पण अर्जाची भाषा न कळल्याने कित्येक घरे त्याला मुकतात.

आणि ज्यांच्या घरात लहान मूल आहे त्यांना दोन शब्द. मूल वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल, किंवा आलेले शब्द गमावू लागले असेल, तर "त्याचा बापही उशिरा बोलला" असे म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञाला दाखवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतच अशी तपासणी होते. जिल्ह्याच्या ठिकाणी पुढील सोयीची योजना आहे. तिचा लाभ घ्या. वय निघून गेले असेल तरी खंत करीत बसू नका. मी वीस वर्षांच्या मुलाला "हो" आणि "नाही" यांची खूण शिकताना पाहिले आहे. त्या दिवसापासून त्या घरात त्याला काय हवे ते त्याला विचारू लागले.

आपल्या गावच्या माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, तेव्हा ओंजळीत मावेल एवढेच तिचे पाणी असते. तेच पुढे सौंदत्तीचे धरण भरते आणि कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. तेथले लोक पाणी पिताना कणकुंबीचे नाव घेत नसतील. तरी पाणी येथलेच असते. दोन शिष्यवृत्ती आणि एक खोली एवढे ओंजळभर काम पन्नाशी गाठलेल्या संस्थेला जड नाही. ते करावे, अशी हात जोडून विनंती करते.